धनेशाची ओसरी

१९७८ सालच्या मे महिन्याची चार तारीख होती. वार गुरुवार, सकाळचे साडेआठ वाजलेले. इतकं नेमकं सांगता येतं, कारण त्या वेळी माझ्या मांडीवर वही उघडी होती आणि तिच्यात मी नुकतंच लिहिलं होतं, "८.३०. नर अजून आलेला नाही."

मागे पाचोळा वाजला. वळून पाहिलं तर ठकूबाई असवले उभी. डोक्यावर पदर, कमरेला सुतळीने बांधलेली कापडी पिशवी.

"बाई, तुमी कवा जानार?" तिने विचारलं.

मी ओठांवर बोट ठेवलं.

"मला काय गप करता? माझ्या बिया बुडाल्या तुमच्यापायी."

शेजारी बसलेल्या माझ्या मैत्रिणीने, शरयूने, डोळ्यांना लावलेली दुर्बीण खाली घेतली आणि कुजबुजली, "मावशी, तुमच्या बिया आम्ही नाही खाल्ल्या. आमच्या डब्यात पोळी-भाजी आहे."

"तुमी खाल्ल्या न्हाईत, ते दिसतंय," ठकूबाई म्हणाली. "पर त्येनं बी खाल्ल्या न्हाईत."

'त्येनं' म्हणजे धनेशाने. आमच्यापासून साठ पावलांवर, बेहड्याच्या मोठ्या खोडात, वीसेक हात उंचीवर एक ढोली होती आणि तिच्यात धनेशाची मादी कोंडून बसली होती. ज्यांनी हा पक्षी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. मादी ढोलीत शिरते आणि माती, विष्ठा, फळांचा गर असं मिळेल त्याने दार लिंपून टाकते. चोच बाहेर येईल एवढी फट फक्त ठेवते. आत तिची पिसं झडतात, म्हणजे उडून जायची सोयच उरत नाही. आधी तिचं, मग तिचं आणि पिल्लांचं, असं दोन-अडीच महिन्यांचं खाणं एकटा नर आणतो. मग एके दिवशी ती आतून चोचीने भिंत फोडते आणि बाहेर येते.

ती भिंत फुटताना मला पाहायची होती.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. पुण्यात एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. रविवारी आमच्या निसर्ग मंडळाबरोबर डोंगर चढत होते. एकवीस मेला माझं लग्न होतं आणि सासर इंदूरचं होतं. आईने बजावलं होतं, "दहा तारखेला घरात पाहिजेस, रापलेल्या तोंडाची नवरी मी उभी करणार नाही." मंडळ चालवणाऱ्या तासकर सरांच्या अंदाजाने भिंत सहा ते दहा तारखेच्या दरम्यान फुटायची होती. इंदूरला गेल्यावर पुन्हा कधी या रानात येणं होईल याचा भरवसा नव्हता. तेव्हा काय ते याच आठवड्यात, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

रानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घाटमाथ्यावरचं एक राखीव रान आहे, एवढं पुरे. आम्ही रीतसर परवानगी काढली होती आणि वरच्या वाडीतल्या वनखात्याच्या चौकीत उतरलो होतो. तासकर सर भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे नियम कडक होते. भडक कपडे नाहीत, पावडर-अत्तर नाही, वाट सोडायची नाही, फांदी तोडायची नाही, घरट्यापासून साठ पावलांच्या आत पाऊल टाकायचं नाही. शरयूने एकदा विचारलं होतं, "सर, खोकला आला तर?" सर म्हणाले, "घरी खोकून यायचं." शरयू टेलिफोन ऑफिसात होती. दिवसभर बोलायची नोकरी, त्यामुळे गप्प बसायला तिला सुट्टी काढून यावं लागतं असं ती म्हणायची.

सतरा एप्रिलपासून आम्ही दोघी एका हिरड्याखाली बसत होतो. नर किती वाजता आला, काय आणलं, किती वेळ थांबला, सगळं वहीत. दिवसातून चार वेळा, कधी पाच वेळा. पहिल्या आठवड्याच्या नोंदींवरून सरांनी एक छोटा लेख तयार करून मासिकाकडे पाठवलाही होता. त्यावर पहिलं नाव माझं होतं. आणि रविवारी मंडळाचे बावीस सभासद हे घरटं पाहायला येणार होते.

"किती वेळा येतो म्हनून लिवलंय?" ठकूबाईने वहीकडे हनुवटी करून विचारलं.

"चार-पाच वेळा."

"चार-पाच." तिने मान हलवली. "मंग आतली उपाशी हायेत."

ठकूबाई वाडीतलीच. पन्नाशीच्या आसपासची. वनखात्याच्या रोपवाटिकेसाठी ती रानातून बिया गोळा करून द्यायची. पारजांब, पिसा अशा झाडांच्या बिया तोडलेल्या फळांतून नीट रुजत नाहीत, पक्ष्याने खाऊन टाकलेल्या चांगल्या रुजतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे दर उन्हाळ्यात ती धनेशाच्या ढोलीखाली पडलेल्या बिया वेचायची. आतली मादी त्या फटीतून बाहेर टाकते. अकरा वर्षं ती याच बेहड्याखाली येत होती.

"रोज वंजळभर मिळायच्या," ती म्हणाली. "तुमी आल्यापासनं मूठ भरत न्हाई."

मला राग आला. इतके नियम पाळून, इतका वेळ पाय आखडून बसून, आणि ही बाई असं म्हणते. मी म्हटलं, "मावशी, यंदा फळंच कमी असतील."

"फळं लय हायेत. चला दावते."

"मग दुसरं कुणी वेचून नेत असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येक दीस बसू नका. येकच. मंग बघा."

त्या संध्याकाळी तिने बेहड्याखालची जमीन झाडून घेतली आणि दिवसभरात पडलेल्या बिया पळसाच्या पानात बांधून आम्हाला दिल्या. शुक्रवारी आम्ही चौकीच्या पडवीत बसून राहिलो. शरयू दिवसभर माझी थट्टा करत होती. इंदूरला सकाळी उठल्या उठल्या पोहे आणि जिलबी खातात, तू पुढच्या मे महिन्यात या चढावर चढून दाखव, असं काय काय. मी हसत होते, पण लक्ष सगळं वर होतं. आज फुटली तर, असं सारखं वाटत होतं.

संध्याकाळी ठकूबाई आली, पडवीत बसली आणि पिशवी उपडी केली. आम्ही मोजलं. शरयूने दुसऱ्यांदा मोजलं. गुरुवारच्या पानात एकतीस बिया होत्या. शुक्रवारच्या एकशे अठरा.

 मग शरयू म्हणाली, "कुंदे, आपण बघत होतो तेव्हाच तो येत नव्हता."

"एका दिवसावरून काही ठरत नाही," मी म्हटलं. वर्गात मुलींना सांगायचे तेच वाक्य.

"नको ठरू दे," शरयू म्हणाली. "पण उद्या तू बसशील का तिथे?"

शनिवारी मी बसले नाही.

शनिवारी दुपारी तासकर सर चढून आले. घामाने भिजलेले आणि खूश. पिशवीतून त्यांनी आधी आईने माझ्यासाठी दिलेला लाडवांचा डबा काढला आणि मग छापखान्याचे तपासायचे कागद. "हे बघ," ते म्हणाले, "कु. कुंदा रणदिवे, पहिल्या ओळीत. लग्नाच्या आत छापून आलं म्हणजे नाव बदलायची भानगड नाही."

मी ते कागद हातात घेतले नाहीत. बियांचं सगळं सांगितलं.

सर ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लहान होत गेला. शेवटी म्हणाले, "एका बाईच्या पिशवीवरून मी अठरा दिवसांच्या नोंदी खोट्या म्हणू?"

"पिशवीत बिया आहेत सर, मी मोजल्यात."

"आपण साठ पावलांवर होतो. पावलं मी मोजलीत. तो आपल्याला बुजला असता तर आला नसता. चार वेळा तरी का आला असता?"

 सरांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "चला. ती जागा पुन्हा एकदा बघू."

ठकूबाई पुढे, आम्ही मागे. टळटळीत ऊन होतं, रान गप्प होतं. आमच्या बसायच्या जागेपाशी, जिथे सतरंजी गुरुवारपासून तशीच पसरलेली होती, तिथे येताच ठकूबाई थांबली आणि सरांना म्हणाली, "हितं पयल्या दिशी काय व्हतं, इचारा पोरींना."

"काय होतं?" सरांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "पाचोळा होता. घाण होती जरा."

"कसली घाण?"

शरयूने माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी डहाळ्यांचा झाडू करून ती जागा आम्ही दोघींनीच झाडली होती. सतरंजी घालायची म्हणून. सांडलेला चुना वाळावा तशी पांढरी विष्ठा होती, आणि बिया होत्या. पुष्कळ बिया. शरयू तेव्हा म्हणाली होती, किती बाई घाण करतात ही पाखरं.

सरांनी हळूच मान वर केली. आमच्या डोक्यावर हिरड्याची एक वाळकी फांदी बेहड्याच्या दिशेने गेली होती. तिची साल एका ठिकाणी घासून गुळगुळीत झाली होती.

"ही त्येची वसरी हाय," ठकूबाई म्हणाली. "आदी हितं येऊन बसनार. चौफेर बघनार. कुनी न्हाई म्हटल्यावर मंग घरात. तुमी त्येच्या वसरीवर सतरंजी टाकून बसलाय. मंग त्यो मागल्या आंगानं येतोय, चोरासारका, आन् ते बी लईच भूक झाली म्हंजी."

सर खाली दगडावर बसले. साठ पावलं त्यांनी घरट्यापासून मोजली होती. बापापासून किती, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"जागा बदलू," थोड्या वेळाने ते म्हणाले. "पलीकडच्या धारेवर जाऊ. दीडशे पावलं लांब."

"जावा की," ठकूबाई म्हणाली. "चार दीस त्यो नव्या जागंकडं बघत बसंल. तवर आतली काय खातील?"

"अगदीच उपाशी नाहीत ना पण," सर म्हणाले.

"न्हाईत. पर कमी आलं की मोठं पोर धाकल्याच्या तोंडचं वढतं. मागं येका साली असंच झालं. लाकूडतोडे बसले व्हते पलीकडं. मंग येक खाली पडलेलं घावलं मला, नुसती चोच आन् हाडं."

सर माझ्याकडे वळले. मला वाटलं होतं ते नेहमीसारखे काहीतरी ठरवून सांगतील. ते म्हणाले, "कुंदा, वही तुझी आहे. रजा तुझी, लग्न तुझं. तू काय म्हणतेस?"

खरं सांगते, माझ्या मनात पहिलं आलं ते हे की दीडशे पावलांवरूनही दुर्बिणीतून भिंत दिसेल. दुसरं आलं ते हे की चार दिवसांचा तर प्रश्न आहे. मी बेहड्याकडे पाहिलं. फटीतून पिवळसर चोचीचं टोक बाहेर आलं होतं आणि तसंच थांबलं होतं.

"सतरंजी उचलू या, सर," मी म्हटलं.

शरयूने सतरंजीचं दुसरं टोक धरलं.

उतरताना सर मध्येच थांबले आणि खिशातले छापखान्याचे कागद काढून बघत राहिले. "नर दिवसातून चारच वेळा येतो असं छापलं गेलं तर पुढचे लोक तेच धरून चालतील," ते म्हणाले. "मी पत्र लिहितो. मोजणाऱ्याची चूक झाली म्हणून कळवतो."

"मोजत मी होते, सर."

"पावलं मी मोजली," ते म्हणाले, आणि कागद घडी घालून परत खिशात ठेवले.

रविवारी बावीस माणसं एस.टी.ने आली आणि दहा वाजेपर्यंत चौकीवर चढून पोहोचली. सरांनी पडवीत उभं राहून सगळं सांगितलं, काही न लपवता. चेहरे उतरले. एक वकील होते, त्यांनी या दिवसासाठी कुणाकडून तरी मोठी लेन्स मागून आणली होती. ते म्हणाले, "सर, चार तास बसमध्ये, दोन तास चढ. आता आम्ही पाहायचं काय?"

"खाली पाहायचं," सर म्हणाले. "ही ठकूबाई असवले. आज ही आपल्याला फिरवेल."

वकिलांनी ठकूबाईकडे पाहिलं. ठकूबाईने त्यांच्या पायांकडे पाहिलं. "ह्या बुटानं लई आवाज व्हईल," ती म्हणाली. "पर चला."

दुसऱ्याच वाटेने तिने सगळ्यांना नेलं. शेकरूने कुरतडून टाकलेली फळं, भेकराने पाय आपटलेली ओली जागा, साळिंदराचा एक काटा, रानमांजराची विष्ठा आणि तिच्यातल्या बिया. वाकून, उकिडवं बसून, कधी बोटाने उलटून. बावीस माणसं दिवसभर माना खाली घालून चालली. परतताना वकील शरयूला म्हणाले, "इतक्या वेळा डोंगरावर आलो, पण जमीन म्हणून काही असते हे लक्षातच नव्हतं." शरयू म्हणाली, "कोर्टात पण वरच बघता वाटतं." ते हसले, लेन्स मात्र त्यांनी शेवटपर्यंत पिशवीतून काढली नाही.

सोमवारी सकाळी आम्ही खाली उतरायला निघालो. सर आणि शरयू पुढे गेले. वाडीच्या बाहेर एका ठिकाणी वाट फुटते. उजवीकडे एस.टी., डावीकडे अर्ध्या तासाच्या चढावर तो बेहडा. मी तिथे बुटाची नाडी बांधायला म्हणून थांबले. नाडी सुटलेली नव्हती.

मागून ठकूबाई आली. पिशवी कमरेला, बेहड्याकडेच निघालेली.

"जायचं तर चला," ती म्हणाली. "येक डाव बघून या. मी कुनाला सांगत न्हाई."

"तुम्ही रोज बेहड्याखाली जाता तेव्हा तो बुजत नाही?"

"मी भर दुपारी न्हाईतर तिन्हीसांजंला जाते, त्यो नसतो तवा. सकाळच्याला आसपासच वेचते. आन् मी वर बघत न्हाई. वाकून वेचायचं आन् निघायचं. वर बघितलं की आतलीला कळतं."

"अकरा वर्षांत एकदाही नाही पाहिलंत? भिंत फुटताना?"

"न्हाई."

"वाटलं नाही कधी?"

"वाटतं की," ती म्हणाली. "का वाटू नये? पर बाळंतिनीच्या खोलीत सासू बी खाकरून जाती. मी कोन?"

डावीकडून, वरून कुठून तरी नराचा आवाज आला. घारीच्या शिळेसारखा बारीक. ठकूबाईने मान तिरकी करून ऐकलं. "आज लवकर आला," ती म्हणाली.

मी तिच्या पाया पडले. तिला ते अवघड झालं, ती दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "लगीन नीट करा." मग ती डावीकडे गेली आणि मी उजवीकडे.

जूनच्या शेवटी इंदूरला मला एक पोस्टकार्ड आलं. वाडीच्या शाळेतल्या गुरुजींनी ठकूबाईच्या वतीने लिहिलेलं. भिंत मेच्या तेरा तारखेला फुटली. मादी बाहेर आली. पिल्लांनी आतून पुन्हा दार लिंपून घेतलं आणि आता दोघंही आणतात. बिया भरपूर पडतात. पिल्लं किती ते ठाऊक नाही, पण खाली काही पडलेलं नाही.

मासिकाने तो लेख छापला नाही. सरांनी पुढच्या वर्षी नवा लेख लिहिला, बियांवरून कसं मोजावं याचा, आणि त्यावर पहिलं नाव ठकूबाई असवले असं घातलं. संपादकांनी विचारलं, यांचं शिक्षण काय. सरांनी तो लेखही परत मागवला. तो माझ्याकडे आहे. मंडळाच्या नियमांत त्यांनी साठ पावलांची ओळ खोडली आणि त्या जागी लिहिलं, "बसण्यापूर्वी ती जागा कोणाची आहे हे पाहावे." ते १९९१ साली गेले.

शरयू टेलिफोन ऑफिसातूनच निवृत्त झाली. दर रविवारी तिचा फोन यायचा, तासभर तीच बोलायची. तीन वर्षांपूर्वी तीही गेली. माझं इंदूरला बरं चाललं. शाळा मिळाली, मुलं झाली, शाळेच्या पोरींना घेऊन पुष्कळ डोंगर चढले. धनेश खूप पाहिले. भिंत फुटताना आजवर पाहिलेली नाही, आणि आता गुडघे त्या कामाचे राहिले नाहीत.

१९९६ साली एकदा पुण्याला आले असताना मी वाडीत जाऊन आले. ठकूबाई दोन वर्षांपूर्वी वारली होती. तिची सून पारू पडवीत बसून बिया निवडत होती. तिने गूळ-पाणी दिलं. बोलता बोलता मी विचारलं, सासूबाईंनी शेवटपर्यंत कधी भिंत फुटताना पाहिली का.

"आत्याबाई येक डाव खालीच व्हत्या," पारू म्हणाली. "वाकून वेचत व्हत्या. तवा पाठीवर माती पडली. घरी आल्यावर मीच झाडली, वाळकी, खपलीसारकी. म्हनल्या, आज फुटली गं."

"मग वर पाहिलं त्यांनी?"

"मी बी त्येच इचारलं," पारू म्हणाली. "म्हनल्या, न्हाई बाई. ती दमून बाहेर येत व्हती. म्हनून माती पडायची थांबंस्तवर तशीच वाकून उबी ऱ्हायले."